अक्कापासून आम्ही लपवले ते...

अक्काची पाठ दुखू लागली तेव्हा घरातल्या साऱ्यांनी मिळून त्याचा दोष नव्या गादीला दिला. तिच्यावर निजायला लागून अक्काला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तेव्हा आरोपी ठरवायला वेळ लागला नाही. भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी गादी उचलून गॅलरीत उभी केली. गादी गेली, पाठदुखी राहिली. मग दोष आला वयाकडे. अक्काला बासष्टावे लागलेले. या वयात कोणाची पाठ दुखत नाही?

ही गोष्ट २०२१ च्या पावसाळ्यातली. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि साध्या कारणासाठी दवाखान्याची पायरी चढायला माणसे भीत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवरच गोळ्या सांगितल्या, लावायला मलम सांगितले. गोळी घेतली की चार तास बरे वाटे. पण रात्री दुखणे वाढे. कूस बदलताना अक्का ओठ आवळून धरी. असे अडीच महिने गेले.

त्या अडीच महिन्यांत एक गोष्ट आमच्यापैकी कोणालाही आठवली नाही. कदाचित आठवली असेल, पण उच्चारायचा धीर झाला नसेल. २०१३ साली अक्काच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, सगळे यथासांग पार पडले. पुढे पाच वर्षे रोज एक गोळी. २०१९ साली ती गोळी बंद झाली त्या दिवशी भाऊजींनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. आम्ही त्या प्रकरणावर पडदा टाकला आणि तो पुन्हा वर जाणारच नाही असे धरून चाललो.

शेवटी तपासण्या झाल्या. कमरेच्या दोन मणक्यांत आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी डाग दिसले. सुईने हाडाचा कण काढून तपासला. अक्काचा जुनाच कर्करोग तिच्या हाडांत येऊन बसला होता.

"आईला सांगू नका"

रात्री अकराला न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, आईला यातलं काही कळू देऊ नकोस. ती खचेल." भाऊजींचेही तेच मत. डॉक्टरबाईंनी मात्र स्पष्ट सांगितले होते, "आजार त्यांचा आहे. त्यांना कळायला हवं. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते." आम्ही थोडी मुदत मागून घेतली आणि ती वाढवीत राहिलो.

मी तीस वर्षे शाळेत मुलींना शास्त्र शिकवले. पेशीची आकृती फळ्यावर हजार वेळा काढली असेल. पण पुण्याहून डेक्कन क्वीनने दादरला उतरून अक्काच्या घरी पोचले तेव्हा माझ्यातली मास्तरीणबाई कुठल्या कुठे पळाली, आणि मी थोरल्या बहिणीला सरळ थाप मारली, "हाडं ठिसूळ झालीत गं तुझी. कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, घे."

मणक्याला एकदा किरण दिले, त्याला आम्ही 'शेक' म्हटले. महिन्याच्या इंजेक्शनला 'ताकदीचं' म्हटले. ज्या बाईने २०१३ साली पंचवीस वेळा त्या यंत्राखाली झोपून काढले होते, तिला आम्ही शेकाची गोष्ट सांगत होतो! आणि ती मान डोलावीत होती. दुखणे कमी झाले. तेवढ्यावर आम्ही खूष.

डिसेंबरातली एक दुपार. भाऊजी बँकेत गेले होते. अक्का गोळ्यांची डबी हातात घेऊन माझ्यासमोर बसली. तिची नोकरी सगळी रोखपालाच्या खिडकीमागे गेलेली.

"औषधवाल्याचं बिल काल माझ्या हाती लागलं," ती म्हणाली. "कॅल्शियम एवढं महाग कधीपासून झालं गं?"

मी खाली पाहू लागले.

"तुम्ही खोटं बोललात त्याचा राग नाही मला. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर मला विचारता येईना. तीन महिने मी रात्री एकटी छताकडे बघत पडले. यांच्याजवळ रडायची सोय नाही, तुझ्याजवळ बोलायची सोय नाही. खचायला नको म्हणून लपवलंत ना? अगं, खचायलासुद्धा माणूस जवळ लागतं."

त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर रडलो. मग तिने चहा टाकला, आणि मला म्हणाली, "तुझ्या शाळेतली एक कोरी वही आण. मला डॉक्टरबाईंना काय काय विचारायचं ते लिहून घे."

त्या वहीतले प्रश्न आणि त्यांची उत्तरे हाच या लेखाचा खरा मजकूर. हे आधी समजले असते तर आमचे ते तीन महिने वाया गेले नसते.

हा हाडांचा कर्करोग का?

हा पहिला प्रश्न. उत्तर, नाही. स्तनातील कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटून रक्तातून किंवा लसिकेतून दुसऱ्या इंद्रियात जाऊन वाढतात. तिथेही त्या स्तनाच्या कर्करोगाच्याच पेशी राहतात. पुण्याचा माणूस मुंबईत येऊन राहिला म्हणून त्याची जन्मगाठ बदलत नाही, तसेच हे. म्हणून औषधही स्तनाच्या कर्करोगाचे. हा रोग बहुधा हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू या ठिकाणी जातो. त्यांतही हाडांत सर्वांत जास्त.

तो याच जागा का निवडतो? हा प्रश्न स्टीफन पॅजेट नावाच्या लंडनच्या शल्यविशारदाला पडला होता. त्याने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि १८८९ साली आपले अनुमान प्रसिद्ध केले. रक्त यकृतालाही जाते आणि प्लीहेलाही जाते. पण रोग यकृतात पुष्कळदा आढळतो, प्लीहेत क्वचित. तेव्हा हा नुसता रक्ताच्या ओघाचा खेळ नव्हे. वारा बी कुठेही नेऊन टाकतो, पण ते रुजते जमीन मानवेल तिथेच. बी आणि जमीन ही त्याची कल्पना आजही शास्त्रज्ञ मानतात.

आठ वर्षांनी कसा परतला?

अक्काचा दुसरा प्रश्न, "मी सगळं वेळेवर केलं होतं. मग माझं चुकलं कुठे?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. पहिली गाठ काढण्यापूर्वीच काही पेशी शरीरात इतरत्र पोचलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात, की कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. त्यांतल्या काही वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळाचे बी पडून असते. एखाद्या पावसाळ्यात त्याला कोंब फुटतो. ज्या कर्करोगाला स्त्री-संप्रेरकांचे पोषण लागते, त्याच्या बाबतीत असे विशेष घडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. त्या सर्वांनी पाच वर्षे गोळ्या घेतल्या होत्या. तरी पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत रोग परतण्याचे प्रकार सारखे घडतच राहिले होते. म्हणजे 'पाच वर्षे झाली, सुटलो' हा आमचा पेढ्यांचा हिशेब अर्धवट होता.

"मग दरवर्षी सगळ्या अंगाचा फोटो काढून घेतला असता तर?" भाऊजींनी विचारले. बिचारे स्वतःला दोषी धरून बसले होते. बाईंनी सांगितले, की इटलीत झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. काही त्रास नसताना वारंवार हाडांच्या आणि छातीच्या तपासण्या करून स्त्रियांचे आयुष्य वाढत नाही, असे त्यांत दिसले. मात्र त्रास सुरू झाल्यावर थांबू नये. आमचे चुकले ते एवढेच, की नव्या दुखण्याच्या वेळी जुन्या आजाराची आठवण आम्ही डॉक्टरांना करून दिली नाही.

काढून का टाकत नाही?

बाहेर बाकावर सोलापूरकडचे एक जोडपे बसले होते. बाईंचे वय चाळीसच्या आतबाहेर. त्यांचा रोग पहिल्यांदा सापडला तोच यकृतापर्यंत गेलेला. त्यांचे यजमान ज्याला त्याला म्हणत होते, "ती गाठ तेवढी कापून टाका म्हणावं. शेत विकतो." तो केविलवाणा चेहरा अक्काच्या मनातून गेला नाही. तिने आत गेल्यावर आपल्या प्रश्नाआधी त्यांचा प्रश्न विचारला.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनी २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रियांवर चाचणी केली. रोग प्रथम आढळला तेव्हाच दूर पसरलेला, आणि औषधांनी काबूत येऊ लागलेला, अशा या साऱ्या स्त्रिया. निम्म्याजणींच्या स्तनावर शस्त्रक्रिया व किरणोपचार केले, निम्म्याजणींवर केले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक पडला नाही. रोग सर्व शरीरात हिंडत असतो तेव्हा सर्व शरीरात हिंडणारे औषधच मुख्य. जखम वाहू लागली, हाड मोडायला आले, तर शस्त्रक्रिया जरूर करतात. पण ती त्या त्रासासाठी, रोग उपटून काढण्यासाठी नव्हे. त्या शेतकऱ्याला हे कोणीतरी बसवून समजावले, तर त्याचे शेत वाचेल आणि औषधाला पैसा राहील, असे मला वाटून गेले.

मग औषध काय?

स्तनाचा कर्करोग हा एक रोग नाही, एका आडनावाची ती अनेक घराणी आहेत. म्हणून रोग परतला की शक्य तिथे पुन्हा तुकडा तपासतात, कारण मधल्या काळात त्याने रंग बदललेला असू शकतो.

ज्या पेशी संप्रेरकांवर पोसतात, त्यांचे ते खाद्य तोडायचे. ही युक्ती जुनी आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या डॉक्टरांनी १८९६ साली जाहीर केले, की वाढलेला रोग असलेल्या स्त्रीची बीजकोशे काढल्यावर गाठी ओसरल्या. संप्रेरक हा शब्दही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता! आज तेच काम गोळी करते. तिच्या जोडीला पेशींची विभागणी रोखणारी औषधे आली. त्यांतले पहिले, पाल्बोसिक्लिब, अमेरिकेत २०१५ साली मान्य झाले. अक्काला हीच जोडी चालू आहे. काही रोग्यांच्या पेशींवर 'हर-टू' नावाचे प्रथिन फार असते. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली आले, आणि पुढे त्याच वाटेने आणखी प्रभावी औषधे आली. ज्यांच्यात यांपैकी काहीच लागू पडत नाही, त्यांना बहुधा केमोथेरपी, आणि काहींना शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे देतात. हाडे बळकट राखण्यासाठी इंजेक्शने असतात. ती सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावे लागतात, कारण क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते.

पैशाचे काय, हा मध्यमवर्गीय घरातला प्रश्न लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी भाऊजींनी ठेवी मोडल्या. २०२३ च्या आरंभी पाल्बोसिक्लिबचे पेटंट आपल्या देशात संपले, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत पुष्कळच उतरली. त्या महिन्यात भाऊजींनी पुन्हा पेढे आणले. या वेळी मात्र फक्त घरापुरते.

बरा होईल का? किती दिवस?

वहीतला शेवटचा प्रश्न लिहिताना माझा हात थांबला होता. अक्काने वही ओढून घेऊन तो स्वतः लिहिला. आणि विचारलाही तिनेच, दूधवाल्याचा हिशेब विचारावा तशा आवाजात.

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "हा आजार मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. आज तसं औषध नाही. पण तो दाबून ठेवता येतो. एक औषध चालेनासं झालं की दुसरं देतो. कोणाला महिने मिळतात, कोणाला वर्षं. माझ्याकडे सरासरीचा आकडा आहे. पण सरासरी म्हणजे काय, अर्ध्या बायका त्याच्या अलीकडे आणि अर्ध्या पलीकडे. तुम्ही कुठल्या बाजूला ते मला माहीत नाही. मणक्यातला, हाडांतला आजार बऱ्याचदा सावकाश चालतो, एवढं मात्र खरं."

रस्त्यावर आल्यावर मी भीतभीत अक्काकडे पाहिले. ती म्हणाली, "रोखपालाला एवढं पुरे. शिल्लक किती ते कळलं नाही, पण खातं चालू आहे."

शेवटी मी वेदनेबद्दल विचारले होते. मला वाटे, मॉर्फिन म्हणजे अखेर. तसे नाही. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले वेदनाशामक माणसाला निजवून ठेवण्यासाठी नसते, चालते ठेवण्यासाठी असते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. वांद्र्याला १९८६ साली 'शांती अवेदना सदन' उघडले, ते या देशातले अशा रोग्यांसाठीचे पहिले सेवागृह. पण वेदनाशामक शुश्रूषा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची वस्तू नव्हे. ती पहिल्या दिवसापासून औषधांच्या बरोबरीने चालावी.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे

ज्या बाईला पूर्वी हा आजार होऊन गेला आहे, तिला आठवडा-दोन आठवड्यांत न हटणारे, रात्री वाढणारे हाडांचे दुखणे, न थांबणारा खोकला वा धाप, कावीळ, सततची डोकेदुखी व ओकाऱ्या, झटके, असे काही झाले तर तपासून घ्यावे आणि जुना आजार आपण होऊन सांगावा. दहांतल्या बहुतेक पाठदुख्या साध्याच असतात. म्हणून घाबरू नये, पण गादीवरही ढकलू नये. मणक्यात रोग असलेल्या माणसाच्या पायांतली शक्ती एकाएकी गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. काही तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात.

आणि येणारे-जाणारे! अक्काच्या समाचाराला आलेल्या एकाने पाल्याचा रस सांगितला, दुसरीने साखर सोडायला लावली, तिसरीने कसलेसे चूर्ण आणले. प्रेमानेच आणले. पण अनोळखी चूर्णाने यकृत बिघडू शकते, आणि चालू औषधाचा मेळ बिघडतो. अक्का आता हसून सांगते, "माझ्या बाईंना विचारून घेते हं!" आणि पुडी कपाटात ठेवून देते. 'चौथी पायरी' हे शब्द ऐकून काहींनी तर येणेच सोडले. त्यांना काय बोलावे सुचत नव्हते. त्यांना माझे सांगणे, काही बोलू नका. भाजी निवडायला बसा.

यंदाची दिवाळी

त्या डिसेंबरला आता चौथे वर्ष सरत आले. मधे एकदा रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या आणि गोळी काही दिवस थांबवावी लागली. दर तीन महिन्यांनी तपासणीचा दिवस जवळ आला की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. एक दिवस हे औषध लागू पडेनासे होईल, हे आम्ही सगळे जाणतो. भाचाही जाणतो, तो आता आईला रोज फोन करतो आणि तिच्याशीच बोलतो, माझ्याशी गुपचूप नाही.

अक्काच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेले आहे. एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी. गोळीच्या दिवसांवर ती निळी खूण करते, सुट्टीच्या आठवड्याला लाल चौकट. परवा तिने कॅलेंडर पुढे उलटून पाहिले आणि मला फोन केला.

"ऐकलंस का? माझी सुट्टी बरोब्बर दिवाळीत आली. वसुबारसेला ये. भाजणी मी भाजून ठेवते, चकल्या तू पाड. सोऱ्या फिरवायचं काही माझ्या मणक्यांना जमायचं नाही."

मी विचारले, "करंज्या?"

"त्या मी करीन. स्टुलावर बसून कातण फिरवायला मणका लागत नाही."

मी तिकीट काढले आहे. बरोबर ती वहीही नेणार आहे. तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत.